वाफेचा कायदा

पेट्रोल पंपावर गाडीत तेल भरून होईपर्यंत सगळ्यांची नजर मीटरच्या आकड्यांवर खिळलेली असते. ती तिथून काढून एकदा आवाराच्या कडेला, कंपाउंडच्या भिंतीलगत बघा. तिथे दोन-चार बारीक लोखंडी पाइप उभे दिसतील, माणसाच्या दुपटीहून उंच, टोकाला पावसापासून आडोसा म्हणून छोटी टोपी घातलेले. जमिनीखालच्या टाक्यांचे हे व्हेंट पाइप. टँकर रिकामा होत असताना टाकीत तेल चढतं आणि आतली वाफ या वाटेने बाहेर पडते. दिवसभर तेल विकलं जातं, टाकीतली पातळी उतरते, तशी बाहेरची हवा याच वाटेने आत येते. पाइप निदान 4 मीटर उंच हवा, असं पेट्रोलियमचे नियम सांगतात. त्याच्या उघड्या तोंडावर न गंजणाऱ्या धातूची जाळी हवी, तीही दुहेरी, आणि एका सेंटिमीटरमध्ये कमीत कमी 11 घरं असलेली.

11 घरंच का? 8 का नकोत, 15 का नकोत? हा आकडा सेंटिमीटरमधून काढून इंचात मोजला की उत्तर समोर येतं: एका इंचाला 28. आणि 28 म्हटलं की आपण थेट 1815 साली, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कोळशाच्या खाणींत पोचतो. खाणीतला ज्वालाग्राही वायू कामगाराच्या दिव्यावर पेट घ्यायचा आणि स्फोटांत माणसं मरायची. हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली. वायू जाळीतून आत येई, आत जळेही, पण ज्योत बाहेर पडू शकत नसे. कारण जळता वायू जाळीच्या इवल्या घरातून जाताना तारा त्याची उष्णता शोषून घेतात आणि पलीकडचा वायू पेटण्याइतका तापतच नाही. डेव्हीच्या जाळीत इंचाला 28 घरं होती, चौरस इंचाला 784. खाणकामगाराचा जीव वाचवणारं हे माप तेलाच्या गोदामांच्या नियमांत आलं, इंचाचं सेंटिमीटर झालं, आणि दोनशे वर्षांनी ते आपल्या गल्लीतल्या पंपावर पाइपच्या टोकाला बसलेलं आहे.

ब्रिटिश अमदानीतले पेट्रोलियमचे कायदे मी वाचायला घेतले तेव्हा वाटलं होतं की परवाने, दंड, अधिकारी यांचीच जंत्री असणार. ती आहेच. पण तिच्या आत डोळ्यांना न दिसणाऱ्या एका गोष्टीचा सतत पाठलाग चाललेला आहे. ती गोष्ट म्हणजे वाफ. कारण तेल मुळात जळतच नाही. जळते ती तेलावर तरंगणारी वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळलेली असेल तरच. पेट्रोलची वाफ हवेत साधारण 1.4 टक्क्यांहून कमी असेल तर ठिणगी पडूनही काही होत नाही. 7.6 टक्क्यांच्या वर गेली तरीही पेटत नाही, कारण मग जळायला हवा पुरत नाही. या दोन आकड्यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात सगळा धोका साठलेला आहे. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड. ओट्यावरून सांडलेल्या पाण्यासारखी ती खाली उतरते, जमिनीलगत पसरते, उतार शोधते, गटारात शिरते आणि लांब कुठे तरी पेटलेल्या शेगडीपाशी पोचते. अशा गोष्टीला कायद्याच्या कलमात कसं पकडायचं?

हा प्रश्न इंग्लंडला आधी पडला. 1859 साली अमेरिकेत टायटसव्हिलला ड्रेकची विहीर लागली आणि 1861 मध्ये ‘एलिझाबेथ वॉट्स’ नावाचं जहाज फिलाडेल्फियाहून तेलाची पिंपं घेऊन लंडनला निघालं. घराघरांत दिव्यासाठी रॉकेल आलं. ते चरबीपेक्षा स्वस्त, उजेड कितीतरी स्वच्छ. पण हे दिवे फुटायचे. कच्चं तेल तापवून रॉकेल काढताना सुरुवातीला जो हलका, उडून जाणारा भाग निघतो, तो नाफ्था. आज आपण ज्याला पेट्रोल म्हणतो त्याचा हा सख्खा भाऊ. त्या काळी त्याला जवळजवळ गिऱ्हाईक नव्हतं. मग व्यापारी तो रॉकेलमध्ये ढकलून द्यायचे. दिवा तासभर जळला की बर्नरची पितळ तापे, खालचं तेल कोमट होई, तेलावरच्या मोकळ्या जागेत नाफ्थ्याची वाफ जमे आणि वातीच्या नळीतून ज्योत आत उतरे. पुढचं सांगायला नको.

1862 साली ब्रिटिश पार्लमेंटने पेट्रोलियमचा पहिला कायदा केला. राहत्या घरापासून 50 यार्डांच्या आत 40 गॅलनपेक्षा जास्त तेल परवान्याशिवाय ठेवायचं नाही, असं त्यात म्हटलं. तेल म्हणजे कोणतं तेल? जे 100 अंश फॅरनहाइटच्या खाली पेटणारी वाफ सोडतं ते. ऐकायला नेमकं वाटतं. पण ती वाफ तपासायची कशी, हे कायद्यात लिहिलेलंच नव्हतं! 1868 च्या कायद्यात रीत आली. उघड्या भांड्यात तेल घ्या, तापवा, वरून ज्योत फिरवा, झळक कधी दिसते ते बघा. त्याच वर्षी 20 ऑगस्टला वेल्समध्ये अबेर्गेलेजवळ उतारावरून सुटलेले मालडबे डाकगाडीवर आदळले. डब्यांत पॅराफिन तेलाची पिंपं होती. आगीत 33 माणसं गेली, बहुतेकांची ओळखही पटली नाही. 1874 च्या 2 ऑक्टोबरला लंडनच्या रीजंट्स कालव्यात ‘टिलबरी’ नावाची नाव पहाटे एका पुलाखाली फुटली. तिच्यात 5 टन बंदुकीची दारू होती आणि सोबत थोडं बेंझोलिन, म्हणजे नाफ्थ्यासारखंच उडून जाणारं हलकं तेल. दारू आपण होऊन पेटत नाही. तिथवर आग कुणी तरी न्यावी लागते, आणि ते काम वाफेने केलं.

उघड्या भांड्याची चाचणी बेभरवशाची होती. खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली की वाफ उडून जाई. एका तपासनिसाच्या हाती तेल ‘सुरक्षित’ ठरे, दुसऱ्याच्या हाती ‘धोक्याचं’. व्यापारी आणि सरकार यांच्यात सतत वाद. शेवटी सरकारने हे काम फ्रेडरिक एबेलकडे दिलं. एबेल युद्धखात्याचा रसायनतज्ज्ञ, पुढे कॉर्डाइट या धूररहित दारूचा एक जनक. त्याने जे उपकरण बनवलं त्याच्यापाशी थोडं थांबूया, कारण या सगळ्या गोष्टीचं हृदय तिथे आहे.

एबेलची वाटी हातात मावेल एवढी. आतला व्यास 2 इंच, खोली 2.2 इंच. आत एक खूण, तेल नेमकं त्या खुणेपर्यंतच. वर घट्ट झाकण, म्हणजे वाफ बाहेर पळायला जागा नाही. वाटी थेट आगीवर ठेवायची नाही. गरम पाण्याच्या भांड्यात, मध्ये हवेची पोकळी ठेवून ती लोंबकळते. सुरुवातीला पाणी 130 अंश फॅरनहाइट. त्यामुळे तेल अगदी सावकाश, सगळीकडून सारखं तापतं. झाकणावर सरकती पट्टी आहे, आणि पट्टी सरकवली की उघडणाऱ्या भोकात एक चिमुकली ज्योत आपोआप झुकून डोकावते. ही ज्योत किती मोठी हवी? झाकणावरच एक पांढरा मणी बसवलेला असतो, त्या मण्याएवढी. ज्योत मोठी ठेवून तेलाला नापास करायचं नाही, बारीक ठेवून पासही करायचं नाही.

आणि पट्टी किती वेळ उघडी ठेवायची? इथे एबेलच्या बारकाव्याला दाद द्यावीशी वाटते. हातात घड्याळ नको. 24 इंच लांबीचा लंबक टांगायचा. त्याची तीन आंदोलनं होईपर्यंत पट्टी हळूहळू उघडायची आणि चौथ्यात बंद करायची. 24 इंचांच्या लंबकाला एका बाजूकडून दुसरीकडे जायला पाऊण सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो, मग तो लंडनमध्ये झुलो की कलकत्त्यात. तेल 66 अंशांवर आलं की सुरुवात करायची आणि तापमान एकेका अंशाने चढेल तसं दर अंशाला एकदा पट्टी उघडायची. एका क्षणी भोकाशी निळसर झळक दिसते आणि विझते. तेल पेटत नाही, फक्त त्यावरची वाफ एकदा चमकून जाते. त्या क्षणी थर्मामीटरवर जो आकडा असेल तो त्या तेलाचा फ्लॅश पॉइंट.

झाकण लावल्याबरोबर आकडे घसरले. उघड्या भांड्यात 100 अंशांना झळक देणारं तेल बंद वाटीत साधारण 73 अंशांनाच झळक देऊ लागलं. तेल तेच. पळून जाणारी वाफ आता मोजली जात होती, एवढाच फरक. 1879 च्या कायद्याने जुने 100 अंश काढून तिथे 73 घातले. म्हणजे 22.8 अंश सेल्सिअस. लंडनमधल्या तळघरात, 12-15 अंशांना, या रेषेच्या वरचं तेल ठेवलं तर त्याच्या वाफेपासून भीती नाही. इंग्लंडसाठी हा हिशेब चोख होता.

हिंदुस्थानात तेव्हा अमेरिकेचं रॉकेल शिडाच्या जहाजांतून येत होतं. पत्र्याच्या चौकोनी डब्यात 5 अमेरिकन गॅलन, म्हणजे जवळजवळ 19 लिटर. असे दोन डबे एका लाकडी खोक्यात. हा डबा पुढे आपल्या घरांतून किती तरी कामांना आला. धान्य साठवायला, पाणी भरायला, पत्रा उलगडून छपराला लावायला. गोडं तेल आणि एरंडेल जाळणाऱ्या पणत्यांची जागा काचेच्या चिमण्या आणि कंदील घेऊ लागले. 1881 साली सरकारने हिंदुस्थानसाठी पेट्रोलियमचा स्वतंत्र कायदा केला, 1886 आणि 1899 मध्ये तो नव्याने लिहिला, आणि एबेलची वाटी समुद्र ओलांडून इकडे आली.

आणि इकडे तिने घोळ घातला. एकाच तेलाचे नमुने इंग्लंडमध्ये आणि हिंदुस्थानात तपासले तर उत्तरं जुळेनात. आता विचार करा. एबेलच्या कृतीत तपासणीआधी तेल 60 अंश फॅरनहाइटपर्यंत थंड हवं, म्हणजे 15.6 अंश सेल्सिअस. मुंबईच्या बंदरात एवढं थंड पाणी कुठल्या नळाला येतं? इथे बर्फ लागणार. चाचणी 66 अंशांपासून सुरू करायची, पण गोदामातून आणलेलं तेलच मुळी 85 अंशांचं. वाटीत ओतताओतताच त्याची वाफ सुटायला लागलेली. एबेल आणि त्याच्या जोडीला बोव्हर्टन रेडवुड हा तेलतज्ज्ञ, दोघांना उष्ण प्रदेशासाठी पुन्हा प्रयोग करावे लागले. ज्या वाटीत लंबकाच्या झोक्यापर्यंत सगळं नेमून दिलं होतं, तिच्यात हवामान धरलेलं नव्हतं.

हवेचा दाबही असाच. हवा विरळ असेल तर तेवढीच वाफ तिच्यात जास्त टक्के भरते आणि झळक लवकर दिसते. म्हणून पारा एक इंच खाली असेल तर उत्तरात 1.6 अंश फॅरनहाइटची दुरुस्ती करायची, असं चाचणीच्या सूचनांतच होतं. हा आकडा आपल्या घाटावर लावून बघा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर वर, तिथे पारा सुमारे 2 इंच कमी. मुंबईत 73 अंशांना झळक देणारं तेल पुण्यात 70 च्या आसपासच झळक देणार. महाबळेश्वर 1350 मीटरच्या घरात, तिथे ते 66 पर्यंत उतरणार. एकच डबा बोरघाट चढून गेला की कागदावर जास्त धोक्याचा होतो. बोटीवरच्या नमुन्याला पास करणाऱ्या अधिकाऱ्याला हे आकडेमोडीने कळत होतं, बैलगाडीवरून तो डबा वर नेणाऱ्याला कोण सांगणार?

आता मूळ अडचणीकडे येऊ. 73 अंश फॅरनहाइट म्हणजे 22.8 सेल्सिअस. मुंबईत दुपारी यापेक्षा कमी तापमान वर्षातल्या कोणत्या महिन्यात असतं? कोणत्याच नाही. ज्या रेषेवरचं तेल लंडनमध्ये निर्धोक, ते इथे बाराही महिने आपल्या फ्लॅश पॉइंटच्या वर. गोदाम 32 अंशांना तापलेलं असेल तर अशा तेलाच्या अर्धवट भरलेल्या डब्यात, तेलावरच्या मोकळ्या जागेत, वाफ नेमकी त्या जळण्याजोग्या पट्ट्यात येऊन बसते. इथे एक विलक्षण उलटापालट आहे. पेट्रोल इतकं उडतं की त्याच्या बंद टाकीत 30 अंशांना वाफेचं प्रमाण वरच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जातं. आत ज्योत जगूच शकत नाही. धोका टाकीच्या तोंडाशी, जिथे वाफ हवेत पातळ होते. चांगल्या शुद्ध रॉकेलच्या टाकीत वाफ इतकी कमी की ती पेटत नाही. या दोहोंच्या मधलं, ‘फार हलकं नाही, फार जड नाही’ असं तेल मात्र भांड्याच्या आतच स्फोटक मिश्रण तयार करतं. 73 अंशांचं तेल इंग्लंडच्या हवेत सुरक्षित टोकाला होतं. आपल्या हवेत ते बरोबर मध्यभागी आलं.

1899 च्या हिंदुस्थानी कायद्याने ‘धोक्याचं पेट्रोलियम’ ठरवलं ते 76 अंश फॅरनहाइटच्या खाली झळक देणारं. 76! इंग्लंडच्या रेषेपेक्षा फक्त 3 अंश वर, जेव्हा दोन्हीकडच्या उन्हाळ्यात त्याच्या कितीतरी पट अंतर. रेषा 90 वर नेली असती तर बंदरात उतरणाऱ्या रॉकेलचा मोठा भाग धोक्याच्या वर्गात गेला असता, परवाने वाढले असते, भाव चढले असते. मला वाटतं, ही रेषा हवामानाने कमी आणि व्यापाराने जास्त ठरवली. त्याच वाटीतून बिनचूक उत्तर मिळालं असतं, प्रश्न मात्र इथला विचारायला हवा होता.

तोवर तेल यायची रीतच बदलली. लंडनचा व्यापारी मार्कस सॅम्युएल याने डब्यांना फाटा द्यायचं ठरवलं. रशियाचं रॉकेल काळ्या समुद्रावरच्या बाटुमहून थेट जहाजाच्या पोटात भरायचं, सुएझमधून पूर्वेला आणायचं आणि बंदरावरच्या टाक्यांत ओतायचं. सुएझ कालव्याला तेलाची उघडी बोट पत्करणं शक्य नव्हतं. एखादी पेटली तर जगाचा व्यापार अडणार. म्हणून नवी, कप्पे असलेली जहाजं बांधली. त्यांतलं पहिलं, ‘म्युरेक्स’, 1892 च्या ऑगस्टमध्ये कालव्यातून पार झालं. सिंगापूरने शहरात टाक्या बांधू दिल्या नाहीत, तेव्हा त्या पुलाउ बुकोम या बेटावर गेल्या. कलकत्त्याचं तेल शहराच्या खाली, हुगळीच्या काठी बजबजला ठेवलं गेलं. मुंबईत तेलाच्या टाक्या शिवडी-वडाळ्याच्या खाडीकाठी उभ्या राहिल्या आणि पुढे ट्रॉम्बेच्या पीरपावला तेलाचा धक्का आला. आज त्या भागात फिरताना कळतं की शहराचा नकाशाही वाफेला घाबरून आखला गेला आहे. दूर, कडेला, पाण्यालगत.

डबे होते तेव्हा कायदा डबे मोजत होता. टाक्या आल्यावर त्याला जमीन मोजावी लागली. जहाज बंदरात शिरण्याआधी कप्तानाने पेट्रोलियम आहे की नाही ते लिहून द्यायचं, नेमून दिलेल्या जागीच नांगर टाकायचा, नमुने तपासून होईपर्यंत माल उतरवायचा नाही. टाकीभोवती डाइक, म्हणजे बांध. टाकी फुटली तर तेल त्या कुंडातच अडकलं पाहिजे, रस्त्यावर येता कामा नये. टाकी आणि घर, शाळा, देऊळ, गोदी यांच्यात किती अंतर, हे तेलाच्या जातीवर आणि साठ्यावर ठरायचं. सूर्य मावळल्यावर माल चढवणं-उतरवणं बंद, कारण उजेडासाठी कंदील आणला तर तोच आग लावणार. डबा काठोकाठ भरायचा नाही. यामागेही हिशेब आहे. 19 लिटर तेल 30 अंशांनी तापलं तर ते अर्ध्या लिटरहून जास्त फुगतं. त्याला जागा ठेवली नाही तर शिवण उसवते आणि तेल झिरपतं.

या सगळ्यात वारा, ऊन, काडेपेटी, बेफिकीर हात यांचा विचार होता. 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ मद्रासच्या समोर येऊन उभी राहिली आणि तिने बंदरावरच्या बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्यांवर तोफा डागल्या. टाक्या पेटल्या. समुद्राच्या बाजूने येणाऱ्या तोफगोळ्यासाठी कुठल्याही नियमात अंतर दिलेलं नव्हतं.

1934 साली जुने कायदे मोडीत काढून नवा पेट्रोलियम कायदा झाला, 1937 साली त्याचे नियम आले. हाच कायदा, दुरुस्त्या होत होत, आजही लागू आहे. तोवर मोटारी आल्या होत्या. ज्या नाफ्थ्याला कुणी विचारत नव्हतं, जो चोरून रॉकेलमध्ये मिसळला जायचा, तोच हलका भाग आता सगळ्यांत मागणीचा झाला. कायद्याला अचानक प्रत्येक गाडीमागे एक तेलाची टाकी रस्त्यावर धावताना दिसू लागली. मग गाडीच्या स्वतःच्या टाकीतल्या तेलाला परवाना माफ झाला. विकायचं नसेल तर घरी 6 गॅलनपर्यंत पेट्रोल ठेवायला मुभा. पण काचेच्या किंवा चिनीमातीच्या बाटलीत एक क्वार्टच्या वर नाही, धातूच्या डब्यात 5 गॅलनच्या वर नाही, आणि दोन्हींचं बूच घट्ट. आज मोजमापं बदलून 30 लिटर, 1 लिटर आणि 25 लिटर झाली आहेत. काच एवढ्या थोड्यासाठीच का, तर ती पडून फुटते आणि सगळं तेल एका क्षणात जमिनीवर पसरतं. पसरलेलं तेल म्हणजे वाफेला मोकळं रान. पिंपावर ‘पेट्रोल’ किंवा ‘मोटर स्पिरिट’ असं ठळक अक्षरांत कोरायचं किंवा रंगवायचं, हेही कलमातच आहे.

रॉकेलसाठी सूट मोठी होती. 500 गॅलनपर्यंत परवाना नको, फक्त एका भांड्यात 200 गॅलनपेक्षा जास्त नको. त्यामुळे वाण्याचं दुकान आणि घर कायद्याच्या नजरेच्या बाहेर राहिलं. बाटलीच्या बुचाला भोक पाडून, त्यात चिंधीची वात घालून केलेली चिमणी, तिच्याशेजारी चूल, आणि त्या दोघींमध्ये वावरणारी घरातली बाई. एबेलच्या वाटीची सगळी हुशारी बंदर, गोदाम आणि आगगाडीपर्यंत पोचली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबली. मला हे या कायद्याचं मोठं उणेपण वाटतं. घरातल्या दिव्याला वाचवायचं तर एकच उपाय होता. तेलच मुळात अधिक ‘जड’ हवं, जास्त अंशांना झळक देणारं. ते स्वतंत्र भारताच्या मानकांत आलं. आज रॉकेलचा फ्लॅश पॉइंट निदान 35 अंश सेल्सिअस हवा. आणि तो कुठल्या उपकरणावर मोजायचा? मानकात लिहिलंय: एबेलच्या.

1934 च्या कायद्यातलं 15 वं कलम मला फार आवडतं. फ्लॅश पॉइंट मोजायचं एक प्रमाण उपकरण सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवलं जाईल, त्यावर ते प्रमाण उपकरण असल्याचं कोरलेलं असेल, वेळोवेळी ते तपासून दुरुस्त केलं जाईल, आणि फी भरून ते कुणालाही पाहता येईल. बाकी सगळ्या वाट्या याच्याशी ताडून पाहायच्या, खऱ्या उतरल्या तर क्रमांक कोरून दाखला द्यायचा. तेलाच्या मालकाला निकाल पटला नाही तर मुदतीत फेरतपासणी मागता यायची. परक्या सरकारने परक्या मुलखात केलेल्या कायद्यात हे कलम असावं, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. अधिकाऱ्याच्या शब्दाच्या वर एक वाटी ठेवलेली, आणि ती वाटी सगळ्यांना उघडी.

स्फोटक पदार्थांसाठी 1898 साली सुरू झालेलं सरकारी खातं आज पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना म्हणून ओळखलं जातं. त्याचं मुख्यालय नागपूरला आहे आणि चाचणी केंद्र नागपूरजवळ गोंडखैरीला. नवा पंप काढायचा तर जिल्हाधिकाऱ्यांचा, मुंबई-पुण्यासारख्या शहरात पोलीस आयुक्तांचा ना हरकत दाखला लागतो आणि या खात्याचा परवाना. त्या परवान्यावर ‘वर्ग अ’ असं लिहिलेलं असतं. 1970 च्या दुरुस्तीने ‘धोक्याचं पेट्रोलियम’ हे नाव काढलं आणि अ, ब, क असे वर्ग केले. वर्ग अ म्हणजे 23 अंश सेल्सिअसच्या खाली झळक देणारं तेल. 23 सेल्सिअस म्हणजे 73.4 फॅरनहाइट. इंग्लंडच्या तळघरासाठी 1879 साली ओढलेली रेषा, मधली 76 ची पायरी सोडून, पुन्हा जवळजवळ जागच्या जागी आली. ज्वालाग्राही द्रवांच्या वाहतुकीचे संयुक्त राष्ट्रांचे नियमही 23 अंशांवरच दोन गट पाडतात.

मध्यभागाचा तो धोका, वाफ ना फार कमी ना फार जास्त, आता नव्या रूपात महाराष्ट्रात आला आहे. साखर कारखान्यांच्या आवारात इथेनॉलच्या मोठमोठ्या टाक्या उभ्या राहिल्या आहेत. पेट्रोलमध्ये मिसळल्यावर पेट्रोलची दाट वाफ टाकीचा ताबा घेते आणि आतली हवा पेटण्याजोगी राहत नाही. पण मिसळण्याआधीच्या शुद्ध इथेनॉलचं वागणं अगदी वेगळं. बंद वाटीत ते 13 अंशांच्या आसपास झळक देतं. त्याची वाफ हवेत 3.3 ते 19 टक्के असेल तर पेटू शकते. कोल्हापूर-सोलापूरकडच्या साध्या दुपारी, 30 अंशांना, अर्ध्या भरलेल्या टाकीत हे प्रमाण साधारण 10 टक्के असतं.